टीपीआय पहिल्यांदाच येणार आहेत : क्यूएपीतले एच, डब्ल्यू, आर नेमके कसे चालतात?

नवा_क्यूसी

नमस्कार मंडळी. मी डिप्लोमा मेकॅनिकल, तीन महिन्यांपासून भोसरी एमआयडीसीत एका लहान फॅब्रिकेशन शॉपमध्ये क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) आहे. आधीचे क्यूसीचे सर गेल्या महिन्यात सोडून गेले आणि एका केमिकल कंपनीच्या हीट एक्स्चेंजरचं काम माझ्या अंगावर आलं. शेल (बाहेरचं नळकांडं) एसए ५१६ ग्रेड ७०, १२ मिमी प्लेट. ट्यूब स्टेनलेस, ३०४एल. डिझाइन प्रेशर १० किलो (प्रति चौरस सेंटिमीटर). दोन्ही ट्यूबशीट (ट्यूबची टोकं बसवायच्या भोकांच्या प्लेट) शेललाच वेल्ड होणार.

ग्राहकाने नेमलेले थर्ड पार्टी इन्स्पेक्टर (टीपीआय) पुढच्या गुरुवारी मटेरियल बघायला येणार आहेत. मालकांनी क्यूएपीची, म्हणजे कोणत्या टप्प्यावर कोण काय तपासणार त्या क्वालिटी प्लॅनची, फाइल हातात दिली. त्यात प्रत्येक ओळीसमोर तीन रकाने आहेत : आपण, टीपीआय, ग्राहक. रकान्यांत कुठे एच, कुठे डब्ल्यू, कुठे आर. या अक्षरांचा अर्थ मला ढोबळ माहीत आहे, पण प्रत्यक्षात काय होतं ते माहीत नाही. डब्ल्यू असताना इन्स्पेक्टर आलेच नाहीत तर काम थांबवायचं का? टीसी, म्हणजे मिलचं टेस्ट सर्टिफिकेट, आहे म्हणजे मटेरियल पास झालं का? आणि ते आल्यावर मी पहिल्यांदा काय दाखवायचं?

कुणी या कामात असाल तर सविस्तर सांगा, मी वहीत उतरवून घेणार आहे.

---

भोसरीकर

ये रे, आपल्याच गावचा निघालास. मी २२ वर्षं याच कामात आहे, पहिली नऊ वेंडरकडे आणि नंतरची टीपीआय म्हणून.

अक्षरांपासून सुरू करू. एच म्हणजे होल्ड. तिथे काम थांबतं आणि इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते आले नाहीत तर लेखी परवानगी मागायची. लेखी म्हणतोय, फोनवरचं "करून टाका" चालत नाही. डब्ल्यू म्हणजे विटनेस. ठरलेल्या मुदतीत कॉल, म्हणजे तपासणीला यायची लेखी सूचना, दिला आणि ते आले नाहीत तर काम पुढे नेता येतं, पण कॉल पाठवल्याचा पुरावा फाइलला लावून ठेवायचा. आर म्हणजे रिव्ह्यू, फक्त कागद तपासणार. कॉलची मुदत पीओमध्ये (ग्राहकाच्या पर्चेस ऑर्डरमध्ये) लिहिलेली असते ती आधी बघ. कुणाकडे सात दिवस असते, कुणाकडे दहा.

एक सावधगिरी घे. ही अक्षरं सगळीकडे सारखी नसतात. वीजनिर्मितीच्या कामांत पी, डब्ल्यू, व्ही असे रकाने दिसतील : करणारा, साक्षीदार आणि पडताळणारा. काही ग्राहक आरडब्ल्यू लिहितात. कुणाच्या मते तो रिव्ह्यू आणि विटनेस असतो, कुणाच्या मते रँडम विटनेस. क्यूएपीच्या शेवटच्या पानावर अर्थ दिलेला असतो. नसेल तर पहिल्याच भेटीत विचारून मिनिट्समध्ये लिहून घे. यावरून हायड्रोच्या (पाण्याच्या दाबाच्या चाचणीच्या) दिवशी भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

आता खरं महत्त्वाचं. होल्ड पॉइंट कुठे टाकतात ते नीट बघ. जिथे पुढच्या कामामुळे मागचं काम झाकलं जातं तिथे तो असतो. ट्यूब बंडल शेलमध्ये गेलं की बॅफल (ट्यूबना आधार देणाऱ्या प्लेट) दिसणार नाहीत. दुसऱ्या बाजूचा वेल्ड भरला की रूट (वेल्डचा तळ) दिसणार नाही. प्लेट कापली की हीट नंबर (पोलाद कोणत्या वितळणीतलं ते सांगणारा क्रमांक) असलेला कोपरा दुसऱ्याच तुकड्यावर जातो. क्यूएपी लिहिणारा शहाणा असेल तर त्याने प्रत्येक झाकणाच्या आधी एक एच टाकलेला असतो. फाइल घेऊन शॉपमध्ये फिर आणि प्रत्येक एचजवळ उभा राहून स्वतःला विचार : यानंतर काय दिसायचं बंद होणार? त्याचं उत्तर मिळालं की इन्स्पेक्टर काय विचारणार तेही तुला आधीच कळेल.

---

खरेदीखातं

मी ग्राहकाच्या बाजूने लिहिते, नवी मुंबईत एका प्रोसेस कंपनीत परचेस आणि एक्सपेडायटिंग (माल वेळेवर मिळवण्याचा पाठपुरावा) बघते.

आम्ही टीपीआय का नेमतो, तर आमच्याकडे शंभरेक वेंडर आहेत, कोल्हापूरच्या फाउंड्रीपासून वडोदऱ्याच्या फोर्जिंगवाल्यांपर्यंत. प्रत्येक ठिकाणी आमचा माणूस पाठवणं परवडत नाही. म्हणून पीओबरोबर क्यूएपी मंजूर करतो आणि त्यावर नजर ठेवायला बाहेरची संस्था नेमतो. इन्स्पेक्टर तुमच्या मालाची जबाबदारी घेत नाहीत. रिलीज नोटवर (माल पाठवायच्या परवानगीच्या कागदावर) स्पष्ट लिहिलेलं असतं की या नोटमुळे उत्पादकाची जबाबदारी संपत नाही. म्हणून "टीपीआयने पास केलंय" हे उत्तर आम्ही साइटवर ऐकून घेत नाही.

कॉल पाठवताना आधी तुमचं अंतर्गत इन्स्पेक्शन पूर्ण करा. अर्धवट तयारीवर कॉल दिला की इन्स्पेक्टरची एक भेट वाया जाते. त्या भेटीचा खर्च बऱ्याच पीओंत वेंडरच्या बिलातून कापला जातो.

---

चाकणवाला

ताई, तुमचं पटतं, पण आमचीही बाजू ऐका. माझी छोटी मशीन शॉप आहे. एका कामात रीतसर सात दिवस आधी कॉल दिला होता. इन्स्पेक्टर आले अकराव्या दिवशी. तोपर्यंत माल शेडमध्ये पडून, जागा अडलेली, पुढच्या कामाचे कामगार बसून आणि उशिराचा दंड माझ्या नावावर. आल्यावर त्यांनी मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागितलं. मुदत चारच दिवसांपूर्वी संपली होती. वेळेवर आले असते तर ते चालू होतं! माल नाकारला नाही, पण नवीन कॅलिब्रेशन होईपर्यंत रिलीजही दिली नाही.

सर्टिफिकेटची मुदत संपली ही चूक माझीच, ती मान्य करतो. पण वेळ पाळण्याचा नियम फक्त लहान वेंडरलाच का?

---

खरेदीखातं

चाकणवाला, तुमचा राग रास्त आहे. अशा वेळी कॉलची तारीख, पोच आणि प्रत्यक्ष भेटीची तारीख या तिन्ही गोष्टी त्याच दिवशी ईमेलवर ग्राहकाला कळवा. आमच्याकडे तेवढे दिवस दंडातून वगळले जातात, पण नोंद असेल तरच. तोंडी सांगितलेलं मला वरिष्ठांपुढे मांडता येत नाही.

---

मस्कतची_मेघना

मी ओमानमध्ये तेल-वायू प्रकल्पांवर मटेरियलची कागदपत्रं तपासते, मूळची सांगलीची. टीसीचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे म्हणून त्यावरच लिहिते.

टीसीचे प्रकार ईएन १०२०४ या मानकात आहेत. २.१ म्हणजे "ऑर्डरप्रमाणे दिलं" एवढंच विधान. २.२ मध्ये आकडे असतात, पण ते याच मालाच्या चाचणीचे असतीलच असं नाही. ३.१ मध्ये याच हीटचे निकाल असतात आणि सही उत्पादनखात्यापासून स्वतंत्र असलेल्या मिलच्या प्रतिनिधीची असते. ३.२ मध्ये त्या सहीशिवाय ग्राहकाच्या प्रतिनिधीची किंवा नियमाने नेमलेल्या इन्स्पेक्टरचीही सही लागते. तुमच्या पीओत काय मागितलंय ते पाहा. ३.२ मागितलेलं असताना ३.१ घेऊन बसलात तर प्लेट कितीही चांगली असली तरी अडकेल.

टीसी हातात आल्यावर आकडे स्वतः पडताळा. एसए ५१६ ग्रेड ७० साठी टेन्साइल (तुटेपर्यंतची ताकद) ४८५ ते ६२० एमपीए, यील्ड (कायमचं वाकायला लागण्याची मर्यादा) किमान २६०. फक्त किमान आकडा बघून पान उलटू नका, वरची मर्यादाही आहे. त्यानंतर टीसीवरचा हीट नंबर आणि प्लेट नंबर घेऊन प्लेटजवळ जा आणि पंच केलेल्या अक्षरांशी एकेक अक्षर जुळवा. स्टॉकिस्टकडून माल आला असेल तर त्याच्या शिक्क्याची झेरॉक्स पुरेशी मानू नका. मूळ टीसी बघायला मागा किंवा मिलकडून खातरजमा करून घ्या.

खोट्या कागदाने काय होतं त्याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. नासाचे २००९ आणि २०११ मध्ये दोन उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सोडताना नष्ट झाले. उपग्रहावरचं संरक्षक कवच वेळेवर सुटलंच नाही. पुढच्या तपासात उघड झालं की कवच सोडवणाऱ्या जोडातल्या अॅल्युमिनियमच्या एक्स्ट्रुजनची चाचणी प्रमाणपत्रं उत्पादकाने बदललेली होती आणि हा प्रकार १९ वर्षं चालू होता. नुकसान ७० कोटी डॉलरच्या वर. तिथेही प्रत्येक हस्तांतरणाला कुणीतरी कागद बघून सही केलीच असणार.

---

भोसरीकर

मेघनाताईंना जोड म्हणून ट्यूबबद्दल एक. इन्स्पेक्टर पीएमआय, म्हणजे धातूत काय काय मिसळलंय ते ओळखायची चाचणी, मागतील. हातात धरायची एक्सआरएफ गन क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम दाखवते, पण तिला कार्बन दिसत नाही. ३०४ आणि ३०४एल यांत मुख्य फरक कार्बनचाच. ३०४ ट्यूबमध्ये कमाल ०.०८ टक्के चालतो, ३०४एल ट्यूबमध्ये ०.०३५. म्हणजे गनवर "३०४" आलं यावरून एल सिद्ध होत नाही. कार्बन बघायचा तर ओईएस, म्हणजे ठिणगीवाली पद्धत, किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये नमुना पाठवावा लागतो. आपल्या क्यूएपीत काय लिहिलंय ते आधी बघ, म्हणजे ऐनवेळी धावपळ होणार नाही.

---

निवृत्त_बाष्पक

इथे सगळी चर्चा करारातल्या इन्स्पेक्शनची चालली आहे. कायद्यातलं इन्स्पेक्शन वेगळं, हे नव्या मुलांना कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. मी आयुष्यभर बॉयलरच्या तपासणीत काढलं.

१८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि माणसं गेली. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतांनी आपापले कायदे केले. त्यांत मेळ नव्हता, म्हणून १९२३ चा भारतीय बॉयलर कायदा आला आणि तांत्रिक नियम १९५० च्या आयबीआरमध्ये (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्समध्ये) बांधले गेले. आता त्या जुन्या कायद्याच्या जागी बॉयलर अधिनियम २०२५ आला आहे. परदेशातही गोष्ट हीच. अमेरिकेत १९०५ मध्ये ब्रॉकटन इथल्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं मेली आणि त्या धक्क्यातून पुढे एएसएमई या अमेरिकन इंजिनिअरांच्या संस्थेचा बॉयलर कोड आला. तुमच्या एक्स्चेंजरचा कोड त्याच घराण्यातला.

दोन्हींतला फरक असा. करारातल्या इन्स्पेक्शनमध्ये ग्राहक सूट देऊ शकतो, त्याला आपण डेव्हिएशन म्हणतो. आयबीआरच्या कक्षेत येणाऱ्या बॉयलर वा स्टीम पाइपमध्ये ग्राहकाला सूट देण्याचा अधिकारच नसतो. पाइपला फॉर्म तीन-ए, व्हॉल्व्ह आणि फिटिंगला तीन-सी, आणि तो कागद नसेल तर व्हॉल्व्ह सोन्याचा असला तरी लावता येत नाही. तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारा : यात आयबीआर आहे का? माल तयार झाल्यावर हा प्रश्न विचारणारे वेंडर मी पाहिलेत. त्यांच्यासाठी मला वाईट वाटायचं, पण माझ्या हातात काही नसायचं.

---

गॅमा_रे

रेडिओग्राफीवर (किरणांनी वेल्डची फिल्म काढण्यावर) कुणीच लिहिलं नाही म्हणून.

आम्ही रात्री का येतो असं शॉपवाले विचारतात. इरिडियम-१९२ चा किरणोत्सर्गी सोर्स बाहेर काढला की आजूबाजूला माणूस नको, दोरी बांधून परिसर मोकळा ठेवावा लागतो. एईआरबीचे (अणुऊर्जा नियामक मंडळाचे) नियम कडक आहेत आणि ते कडकच असायला हवेत. त्यामुळे शॉप रिकामी झाल्यावरच शूटिंग. या सोर्सची ताकद साधारण ७४ दिवसांत निम्मी होते. सोर्स जुना झाला की प्रत्येक शॉटला जास्त वेळ लागतो. तुमचं वेळापत्रक आखताना तो वेळ धरा.

फिल्म बघताना नव्या क्यूसीने दोष शोधायची घाई करू नये. आधी फिल्म स्वतः योग्य आहे का ते बघावं. आयक्यूआयची (फिल्मची स्पष्टता तपासायच्या तारांच्या पट्टीची) ठरलेली तार दिसते का? डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) बसते का? गॅमासाठी २ ते ४. जॉइंट नंबर, वेल्डर नंबर आणि जागा दाखवणारी शिशाची अक्षरं आहेत का? मगच वेल्डकडे वळा.

आणि मनावर दगड ठेवून सांगतो, आमच्या धंद्यात एकच चांगला जॉइंट तीन वेळा शूट करून तीन नंबर लावणारे लोक आहेत. ओळखायचं कसं? दोन फिल्म व्ह्यूअरवर एकीवर एक ठेवा. वेल्डच्या लाटा, कडेचे बारीक खड्डे, स्पॅटरचे ठिपके हे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे असतात. ते तंतोतंत जुळले तर दोन्ही फिल्म एकाच जॉइंटच्या आहेत. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे पहिल्या दिवशी शिकवतो, त्यांनी स्वतः कधी तसं करू नये म्हणून.

---

चाकणवाला

गॅमा_रे, हे स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं.

मला एक विचारायचंय. बऱ्याच पीओंत टीपीआयची फी वेंडरनेच भरायची असते. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्यालाच नाकारायचं, हे माणसाला जमतं का?

---

निवृत्त_बाष्पक

जमवावं लागतं, पण रचनाच तशी असू नये असं माझं ठाम मत आहे. इन्स्पेक्शन करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२० हे मानक आहे. त्यात स्वतंत्रतेनुसार ए, बी, सी असे प्रकार पाडले आहेत. ए प्रकारची संस्था ज्या वस्तू तपासते त्यांच्या डिझाइन, उत्पादन, खरेदी, वापर यांपैकी कशातही गुंतलेली नसते. पण त्या मानकाचा शिक्का असला तरी फीचा चेक कुणाच्या हातून जातो हा प्रश्न उरतोच. ग्राहकाने फी स्वतः भरावी आणि हवं तर मालाच्या किमतीत ती आधीच धरावी. रक्कम तीच राहते, पण इन्स्पेक्टरची मान मोकळी होते.

---

नवा_क्यूसी

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीची अकरा पानं भरली.

आज एक अडचण समोर आली आहे. भोसरीकर दादांनी सांगितल्याप्रमाणे फाइल घेऊन शॉपमध्ये फिरलो. शेलच्या दोन्ही प्लेटवर हीट नंबर आहे आणि तो टीसीशी जुळला. पण नोझलचे (पाइप जोडायच्या तोंडांचे) दोन रीइन्फोर्समेंट पॅड (तिथली भिंत भक्कम करणारे तुकडे) कापून ठेवलेत, त्यांच्यावर काहीच पंच नाही. कटरवाले काका म्हणतात याच प्लेटच्या उरलेल्या तुकड्यातून काढलेत. ते खोटं बोलणारे नाहीत. पण त्याच कोपऱ्यात दुसऱ्या कामाची १२ मिमीची प्लेटही पडलेली आहे, आयएस २०६२ ची, म्हणजे साध्या बांधकामाच्या पोलादाची. सुपरवायझर म्हणाले, "नंबर मारून टाक, दोन मिनिटांचं काम आहे." पॅड अजून वेल्ड झालेले नाहीत. इन्स्पेक्टर परवा येतायत. काय करू?

---

भोसरीकर

नंबर मारू नकोस. काकांवर माझाही विश्वास बसेल, पण तुला जे माहीत नाही ते तू पोलादावर पंच करू शकत नाहीस. आज हे दोन पॅड, उद्या शेलची प्लेट असेल आणि सांगणारे काका नसतील.

पॅड बाजूला काढ, लाल रंग लाव आणि तुमच्या नॉन-कन्फॉर्मन्स (नियमात न बसणाऱ्या गोष्टींच्या) रजिस्टरला नोंद कर. प्लेटचा नंबर असलेला तुकडा शिल्लक आहे का बघ. असेल तर त्यावर नवीन पॅड आख, पण कापू नकोस. परवा इन्स्पेक्टर आले की त्यांच्यासमोर आधी नंबर उतरव, मग काप. ट्रान्सफरचा नियमच तो आहे, आधी पंच आणि मग गॅस. मालक चिडले तर त्यांना सांग, १२ मिमीचे दोन पॅड म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पॅड वेल्ड झाल्यावर हे उघडं पडलं असतं तर शेल कापावा लागला असता.

आणि इन्स्पेक्टरना हे तूच आधी सांग. त्यांना शोधू देऊ नकोस.

---

मस्कतची_मेघना

भोसरीकरांशी शंभर टक्के सहमत. मी फाइल उघडते तेव्हा ज्या वेंडरने स्वतःचा एनसीआर (नॉन-कन्फॉर्मन्सचा अहवाल) स्वतः काढलेला असतो, त्याच्या बाकीच्या कागदांवर माझा भरवसा वाढतो.

---

नवा_क्यूसी

पाच आठवड्यांनी परत लिहितोय. मधले दिवस फार धावपळीत गेले.

गुरुवारी इन्स्पेक्टर सर आले. मी चहाआधीच पॅडचं सांगितलं. त्यांनी रजिस्टर बघितलं, तुकडे बघितले आणि म्हणाले, "चला, नवीन कुठे आखलेत दाखवा." त्यांच्यासमोर पंच मारून कापले. वीस मिनिटं लागली. मालक दोन दिवस माझ्याशी कमी बोलले, पण आता शॉपमध्ये कटिंगआधी नंबर उतरवायचा असा बोर्ड त्यांनीच लावलाय. ट्यूबचे दोन नमुने लॅबला पाठवले होते, कार्बन ०.०२१ आणि ०.०२३ आला. रेडिओग्राफीत एक जॉइंट रिपेअरला गेला, नंतर पास झाला.

परवा हायड्रो झाला. तयारी करताना लक्षात आलं की पंपावर ० ते १०० किलोचा गेज (दाबमापक) लावलेला होता. आमचं टेस्ट प्रेशर १.३ पटीने १३ किलो. कोडप्रमाणे गेजची रेंज टेस्ट प्रेशरच्या दीडपट ते चौपट असायला हवी, म्हणजे साडेएकोणीस ते बावन्न. १०० च्या गेजवर एक किलोचा फरक काट्यात कळलाच नसता. ० ते २५ चे दोन गेज कॅलिब्रेट करून आणले. एक्स्चेंजरमध्ये पाणी भरताना सर्वात वरच्या नोझलवरून हवा पूर्ण जाईपर्यंत थांबलो.

शेल साइड आधी घेतली, दोन्ही चॅनल (टोकांचे झाकणासारखे भाग) काढून ठेवून, म्हणजे ट्यूबशीटचा चेहरा उघडा. तेरा किलोवर अर्धा तास धरलं, मग दहावर उतरवून सर आणि मी टॉर्च घेऊन एकेक ट्यूब बघत गेलो. खालून तिसऱ्या ओळीत एका ट्यूबच्या कडेला थेंब जमत होता. पुसला तर पुन्हा आला. चॅनल लावून टेस्ट केली असती तर तो आतल्या आत पाझरत राहिला असता आणि आम्हाला बाहेर काहीच दिसलं नसतं. प्रेशर काढून, पाणी उतरवून ती ट्यूब पुन्हा एक्स्पांड केली (आतून फुगवून घट्ट बसवली) आणि पूर्ण टेस्ट पहिल्यापासून घेतली. दुसऱ्या वेळी कोरडी राहिली.

काल ट्यूब साइडही झाली. आज दुपारी रिलीज नोट आली आणि संध्याकाळी ट्रक निघाला. लाल रंगाचे ते दोन पॅड स्क्रॅपच्या कोपऱ्यात वेगळे ठेवलेत.

---

भोसरीकर

शाब्बास. मन भरून आलं वाचून.

ते पॅड मात्र उद्या सकाळी पहिल्यांदा गॅसने मधोमध काप. रंग घासून निघतो आणि १२ मिमीचा तयार गोल तुकडा घाईच्या दिवशी कुणालाही उपयोगी वाटतो.

---

नवा_क्यूसी

हो दादा. कापून, फोटो काढून रजिस्टरला लावतो.